मागचंच रीडिंग

पडद्यावर बऱ्याच रेघा होत्या आणि सगळ्या डावीकडून उजवीकडे उतरत गेल्या होत्या. एखादी धाडकन, एखादी रमतगमत, पण उतरत. त्यांच्यामधून एकच निळी रेघ थोडं अंतर उतरून नंतर आडवी गेली होती, फुटपट्टी लावून ओढावी तशी. डॉक्टरबाईंनी लाल ठिपका तिच्यावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘या आपल्या एकेचाळीस नंबरच्या बाई.’ एकेचाळीस नंबर म्हणजे माझी बायको. तिला जाऊन आठ महिने झाले होते. तिचा मेंदू मी सही करून या संस्थेला दिला होता, कारण असा फॉर्म तिनेच शुद्धीत असताना भरला होता आणि म्हणाली होती, ‘जिवंतपणी कुणी विचारलं नाही, मेल्यावर तरी डोकं कामाला येऊ दे.’ आज आम्हा नातेवाइकांना आभार मानायला बोलावलं होतं. म्हातारपणी मेंदू का झिजतो, आणि एखाद्याचा झिजूनही त्याचं कसं चालतं, हे शोधायला पाच देशांनी मिळून या संस्थेला निधी मंजूर केला होता. त्या देशांचे पाहुणे पहिल्या रांगेत बसले होते. मी चौथ्या रांगेत होतो. खोली चांगली गार होती, तरी ती रेघ बघून मला मानेवर घाम आला.

मी चौतीस वर्षं लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचले. त्यातून दुसरं काही शिकलो असेन नसेन, एक गोष्ट पक्की शिकलो. कुठल्याही घरात दोन महिने सारखी वीज जळत नाही. कुणी आजारी पडतं, कुणी गावाला जातं, पोरं परीक्षेला जागतात, पंखा बिघडतो. आकडा वरखाली होतोच. जिथे आकडा सहा-सहा वेळा तोच येतो तिथे घरातली माणसं शिस्तीची असतात असं नाही. तिथे कुणी मीटर बघितलेलाच नसतो. घर बंद असलं की आम्ही मागच्याच हिशेबाने सरासरी लिहायचो. तसा नियमच होता. पण नियमाची सवय लागते. मला काम शिकवणारा जुना रीडर म्हणायचा, ‘दार वाजव, तीनपर्यंत मोज, मागचं लिही आणि पुढे हो. लोकांच्या दारात संसार मांडू नकोस.’ पुष्कळदा आतून भांड्यांचा आवाज यायचा, कुणी खोकायचं, आणि दार उघडायचं नाही. तरी आम्ही घर बंद असंच लिहायचो.

डॉक्टरबाई उत्साहात बोलत होत्या. त्या चाळिशीच्या आतल्या, बारीक, बोलताना एका पायावर भार टाकून उभ्या राहणाऱ्या. म्हणाल्या, सूक्ष्मदर्शकाखाली या बाईंचा मेंदू बघितला तर रोग खूप पुढे गेलेला दिसतो. इतक्या झिजलेल्या मेंदूचा माणूस अंथरुणाला खिळायला हवा, घरच्यांना विसरायला हवा. आणि नवऱ्याने दर सहा महिन्यांनी भरलेल्या नोंदी सांगतात की शेवटची तीन वर्षं या बाई होत्या तिथेच टिकून राहिल्या. असे सात जण त्यांना सापडले होते. हे सात जण कशाने टिकले, हाच पुढच्या पाच वर्षांचा प्रश्न होता आणि त्यासाठीच निधी होता. मग त्यांनी एकेचाळीस नंबरच्या बाईंबद्दल कारणं दाखवली. शिक्षण सातवी, म्हणजे खरं तर धोका जास्त. कान शेवटपर्यंत चांगले. सव्वीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाचं बारीक हातकाम. रोजचं चालणं. आणि सगळ्यांत खाली लिहिलं होतं, ‘जोडीदाराची साथ’. ते वाचताना बाईंनी माझ्याकडे हात केला. लोक वळून बघायला लागले. पाहुण्यांपैकी एका उंच गृहस्थाने छातीवर हात ठेवून माझ्यासाठी मान लववली. माझ्या शेजारी पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई बसल्या होत्या, त्यांची सासू या अभ्यासात आहे. त्यांनी मला कोपराने ढोसलं आणि कुजबुजल्या, ‘बघा, औषध म्हणजे तुम्हीच निघालात की. आता बाटलीत भरून विकतात का नाही बघा तुम्हाला.’ मी हसलो बहुतेक. मग पाणी पिऊन येतो म्हणालो आणि उठलो.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात भिंतीला लागून तेच बाक होतं. पहिले तीन फॉर्म मी तिथे बसून भरले होते. ही आत चाचणी द्यायला गेलेली असायची आणि परिचारिका मला फॉर्म आणि पेन देऊन जायची. तीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन; शून्य म्हणजे नीट जमतं, पुढे अडचण वाढत जाते. स्वतःचे कपडे स्वतः घालतात का. ठेवलेली वस्तू सापडते का. ते तीन फॉर्म मी इमानाने भरले. एकदा तर बटणं लावता येतात की नाही, याबद्दल मी परिचारिकेला आत जाऊन विचारायला लावलं होतं, कारण सव्वीस वर्षं बटणं लावलेली बाई खोटं कशाला बोलेल असं मला वाटलं, आणि ती हो म्हणाली होती, आणि तिच्या अंगातल्या सदऱ्याचं वरचं बटण खालच्या काजात होतं. मी दोन लिहिले. आकडा बरोबर होता. त्या दिवशी घरी जाताना मला बरंच वाटत होतं, काम नीट केल्यासारखं.

नंतर तिने यायला नकार दिला. गाडीच्या दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि बोटं सोडवू देईना. संस्थेने सांगितलं, हरकत नाही, चाचण्या राहू द्या, फॉर्म घरी पाठवतो, तुम्ही भरून पाठवा. चौथा फॉर्म यायच्या चार महिने आधी ती पहिल्यांदा मला म्हणाली, ‘तुम्ही आता निघा. माझा नवरा यायची वेळ झाली.’ मी म्हटलं, ‘अगं, मीच.’ ती घाबरली. भांडण करून काही होईना, म्हणून मी चपला घालून बाहेर गेलो, जिन्यात पाच मिनिटं उभा राहिलो आणि बेल वाजवली. तिने दार उघडलं. तिचा चेहरा एकदम सैल झाला. ‘आलात? बरं झालं. मघाशी एक माणूस येऊन बसला होता.’ मी विचारलं, ‘कोण होता?’ म्हणाली, ‘कोण जाणे. म्हातारा होता. पण स्वभावाने बरा वाटला, सांगितल्यावर गेला बिचारा.’ मला हसू आलं. चार महिने मी असा रोज संध्याकाळी जाऊन परत येत होतो. वरच्या मजल्यावरचा म्हणायचा, ‘काय, बायकोने आज पण बाहेर काढलं?’ मी म्हणायचो, ‘काढलं, पण परत घेते.’ मग एके दिवशी बेल वाजवली, तिने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘ते घरी नाहीत,’ आणि दार लावून घेतलं.

त्याच आठवड्यात चौथा फॉर्म आला. त्यावरचा अकरावा प्रश्न होता, घरातल्या माणसांना ओळखतात का. मी पेन धरून बसलो होतो. ती आतल्या खोलीत पलंगावर बसून चादरीचा काठ दुमडत होती आणि उलगडत होती, मला आवाज येत होता. मी मागच्या फॉर्मची माझ्याकडची प्रत काढली आणि सगळेच्या सगळे तीस आकडे उतरवून काढले. पाच मिनिटंही लागली नाहीत. पुढच्या खेपेला दोनच लागली. असे सहा फॉर्म. मी हे कुणाला फसवायला केलं नाही, असं मला तेव्हा वाटायचं. निधी, पाच देश, हे काही माझ्या डोक्यात नव्हतं. मला वाटायचं की फॉर्म कुठल्यातरी कपाटात जातात. पण एवढंच असतं तर मी कोराही पाठवला असता. निदान एका कागदावर तरी ती मला ओळखत होती. सहा महिन्यांनी तो कागद यायचा आणि मी त्यावर पुन्हा तसं लिहायचो, आणि त्या दिवशी मला जेवण जायचं.

मुलीलाही मी तेच सांगत होतो. मुलगी दुसऱ्या देशात असते, तिचं पोर तेव्हा लहान होतं. दर रविवारी फोन. ‘आई काय म्हणते?’ मी म्हणायचो, ‘तुझी आठवण काढते.’ ‘दे ना तिला.’ ‘आत्ताच झोपली.’ ‘बाबा, मी येऊन जाऊ का?’ ‘एवढ्याशा पोराला घेऊन कुठे येतेस? आई ठीक आहे.’ ती आली तेव्हा आईला चार दिवस न्यूमोनिया होता आणि शुद्ध नव्हती, त्यामुळे काही प्रश्नच आला नाही. त्या बाकावर बसलो होतो तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. तिचाच निरोप होता. संस्थेने त्यांच्या पानावर एकेचाळीस नंबरच्या बाईंची हकीकत टाकली होती. तिने लिहिलं होतं, ‘बाबा, आपल्या आईवर पाच देश काम करणार! मी ऑफिसातल्या सगळ्यांना पाठवलं. ती शेवटपर्यंत घरच्यांना ओळखत होती हे वाचून खूप रडले. मी वेळेवर आले नाही याचं मनात फार होतं. आता जरा हलकं वाटतंय.’ मी ते तीनदा वाचलं. आतून टाळ्यांचा आवाज आला. मी गप्प राहिलो तर कुणाचंच काही बिघडत नव्हतं. मुलगी हलकी झाली होती. बाईंना पैसे मिळाले होते. बायको कागदावर शाबूत होती. आणि कुणीतरी, कुठल्यातरी देशात, पाच वर्षं बसून शोधणार होतं की माझ्या सोबतीत असं काय होतं. पुढे दुसऱ्या कुणा नवऱ्याला सांगणार होते, तुम्ही बायकोजवळ बसत जा, त्याने मेंदू टिकतो. तो बसला असता. आणि तिने त्याला विचारलं असतं, तुम्ही कोण. मग त्याला वाटलं असतं की आपलंच बसणं कमी पडलं. हा माणूस मला समोर दिसायला लागला. का कोण जाणे, त्याच्या पायात माझ्याच चपला होत्या.

कार्यक्रम संपल्यावर मी डॉक्टरबाईंच्या खोलीपाशी गेलो. त्या कागद गोळा करत होत्या. ‘काका, चहा घेतलात का? पाहुण्यांना तुम्हाला भेटायचंय. ते उंच आहेत ना, ते तर म्हणतात की—’

‘बाई, दार लावा जरा.’

त्यांनी दार लावलं. मी सांगितलं. शेवटचे सहा फॉर्म मी बघून भरले नाहीत, मागचंच उतरवलं. त्या खुर्चीवर बसल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, ‘काका, माणूस गेल्यावर असं होतं. मागचं सगळं काळं दिसायला लागतं, अपराधी वाटतं. तुम्ही तेव्हा लिहिलंत तेच बरोबर असेल आणि आता आठवतंय ते जास्तीचं. आम्ही हे पुष्कळ घरांत बघतो.’

त्या मला वाट करून देत होत्या. स्वतःलाही देत असतील. आणि खरं सांगतो, क्षणभर मी त्या वाटेने गेलो. असेल बुवा, असं मनात म्हणून बघितलं. दार लावून घेतलं ते एकदाच असेल. चादरीचा काठ सगळेच दुमडतात. आठ महिने एकट्या घरात बसून माणूस काहीही रचतो. मला फार बरं वाटायला लागलं. मग मी सदऱ्याची बाही वर केली आणि मनगट त्यांच्या टेबलावर ठेवलं. तिथे दातांच्या खुणा आहेत, अर्धवर्तुळात, पांढऱ्या पडलेल्या.

‘हे सहाव्या फॉर्मच्या आठवड्यातलं,’ मी म्हणालो. ‘आंघोळ घालत होतो. तिची काही चूक नाही. परका माणूस कपडे काढायला लागला तर कुणीही चावेल. त्या फॉर्मवर मी लिहिलंय, आंघोळीला थोडी मदत लागते. काढून बघा.’

त्यांनी काढून बघितलं नाही. खुणांकडे बघत राहिल्या. मग एकदम चिडल्या, आणि मला ते बरं वाटलं. ‘काका, कळतंय का तुम्हाला? चार वर्षं मी अशा माणसांच्या शोधात आहे. अर्ज तीनदा परत आलाय माझा. पाच देशांची माणसं खाली बसून बिस्किटं खातायत. मला एक फोन करायचा होता तुम्ही. जमत नाही म्हणायचं होतं. आम्ही कुणालातरी पाठवलं असतं.’

‘मला वाटलं फॉर्म कपाटात जातात.’

‘सगळ्यांना तेच वाटतं,’ त्या म्हणाल्या आणि कपाळ दाबत बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी समोरच्या संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. आता त्यावर फक्त सात रेघा होत्या. ‘बाकीच्या बघा. सगळ्या मला सारख्याच चांगल्या वाटत होत्या. तुम्हाला काय दिसतं?’

मी चष्मा लावला. चौतीस वर्षांत असं मला कुणी विचारलं नव्हतं. ‘ही खरी आहे,’ मी म्हणालो. ‘इथे बघा, एकदा खाली जाऊन परत वर आलीय. खोटं लिहिणारा एवढा उद्योग करत नाही. हीपण खरी. ही, ही, हीपण. या घरांत कुणीतरी रोज बघत होतं.’ सहाव्या रेघेवर मी थांबलो. ती फार गुळगुळीत होती. ‘इथे एकदा स्वतः जाऊन या. पण रागावू नका त्यांच्यावर.’

‘या कोण आहेत माहितीय तुम्हाला?’

‘नका सांगू.’

त्यांनी मान हलवली. मी विचारलं, आता निधीचं काय होईल. म्हणाल्या, माहीत नाही. सात नसून सहा आहेत, कदाचित पाचच, असं आधी खाली जाऊन सांगावं लागेल, मग कळेल. ते पान आजच काढावं लागेल. त्यांनी सहा कोरे फॉर्म माझ्यासमोर ठेवले. ‘आठवेल तसं भरा. न आठवलं तर कोरं सोडा, अंदाज लिहू नका. खाली आजची तारीख घाला. जुने फाडायचे नाहीत, त्यांच्यावर एक तिरकी रेघ मारायची आणि शेजारी सही.’ दारापर्यंत गेल्या आणि मागे वळून म्हणाल्या, ‘चहा पाठवते.’

मी दीड तास बसलो होतो. चहा आला, त्यावर साय धरली. वाटलं होतं आठवणार नाही, पण सगळं जिथल्या तिथे होतं. चमचा हातात धरून तो कशासाठी असतो हे ती विसरली तो दिवस. आरशातल्या बाईला ती बसायला जागा करून द्यायची तो महिना. अकराव्या प्रश्नापाशी मी सहाही वेळा तीन लिहिले. तीन म्हणजे अजिबात नाही. पहिला तीन लिहायला वेळ लागला, मग नाही. सहांतल्या शेवटच्या फॉर्मवर तर तीसपैकी सव्वीस प्रश्नांना तीन आले. तिला बघायचं मी टाळलं असं मला इतके दिवस वाटत होतं. पण टाळलं नव्हतं. सगळं बघितलं होतं. फक्त लिहिलं नव्हतं.

मग मी मुलीला फोन लावला. तिच्याकडे सकाळ होती. ‘बाबा? आत्ता कसा काय फोन? बरे आहात ना?’ मागे पोर काहीतरी आपटत होतं. मी म्हणालो, ते पान आज निघेल. ती म्हणाली, ‘का? काय झालं?’ मी सांगितलं. सुरुवातीला वाक्यं जुळवायला गेलो, मग सोडून दिलं आणि जसं होतं तसं सांगितलं. ती मधे एकदाच बोलली. ‘म्हणजे मलासुद्धा ती...’

‘नाही ओळखायची गं. शेवटची दोन वर्षं नाही. तुझं नाव काढलं की विचारायची, कुणाची मुलगी?’

पोराचा आवाज लांब गेला. ती दुसऱ्या खोलीत गेली असावी. मी वाट बघत राहिलो. ती काय म्हणेल ते मला माहीत होतं, आणि तसं म्हणायचा तिला हक्क होता.

‘मी आले असते, बाबा.’

‘माहीत आहे.’

‘तुम्ही मला येऊ दिलं नाहीत.’

‘हो.’

आता ती फोन ठेवेल असं वाटलं. मी फोन कानाशी तसाच धरून उभा होतो. खाली आवारात डॉक्टरबाई त्या उंच पाहुण्यांशी बोलत होत्या, दोन्ही हात मागे बांधून, आणि ते ऐकत होते. मुलीने नाक ओढलं. मग ती म्हणाली, ‘बाबा, मग तीन वर्षं घरात तुम्ही बोलत कुणाशी होतात?’

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

‘कुणाशीच नाही,’ मी म्हणालो.